छायाचित्रांचें प्रदर्शन पाहतांना

'फोटोग्राफी' हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ प्रकाशानें लिहिणें. आपण मराठींत तिला छायाचित्रण म्हटलें. त्यांनीं प्रकाश घेतला, आपण सावली, हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें. पण अमरकोश उघडला म्हणजे ऊन नसणें, प्रतिबिंब आणि कांति असे छायेचे अर्थ सांपडतात, आणि मग नांव चुकलें असें म्हणवत नाहीं. डोंगरदऱ्यांच्या व पक्ष्यांच्या चित्रांचें प्रदर्शन पाहावयास जाणाऱ्या वाचकांनीं हे तिन्ही अर्थ बरोबर न्यावेत. कारण आमच्या सुशिक्षित घरांतूनही असें म्हणणारे पुष्कळ भेटतात कीं, डोंगर ईश्वरानें केला, चित्र यंत्रानें काढलें. यांत माणसाची कला ती कोणती?

याचें उत्तर ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराच्या एका चित्रांत मिळतें. 1941 सालीं न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ या खेड्याजवळून जातांना त्यांस मावळत्या उन्हांत चकाकणारे स्मशानांतील क्रूस आणि वर उगवलेला चंद्र दिसला. प्रकाश मोजण्याचें यंत्र सांपडेना. चंद्राच्या तेजाचें माप मात्र त्यांस पाठ होतें. त्यावरून त्यांनीं हिशेब केला आणि एक चित्र घेतलें. दुसरें घेण्यापूर्वीं क्रूसांवरील ऊन गेलें होतें. पुढें अनेक वर्षें त्याच निगेटिव्हवरून प्रती छापतांना ते आकाश अधिकाधिक काळें करीत गेले. यंत्राचें काम क्षणाचें होतें. बाकीचें कोणाचें, तें वाचकांनींच ठरवावें.

मुंबईच्या जहांगीर कलादालनांत 2004 सालीं श्री. उद्धव ठाकरे यांनीं आकाशांतून टिपलेल्या महाराष्ट्रांतील किल्ल्यांच्या छायाचित्रांचें प्रदर्शन झालें. त्यांच्या राजकारणाशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. गड चढणाऱ्यास पायापुढचा दगड दिसतो. वरून पाहणाऱ्यास माची कोठें वळली, तट कड्याला कसा बिलगला, हें एका दृष्टींत कळतें. मेघदूत वाचलेल्यांस ही दृष्टि नवी नाहीं. चर्मण्वतीचा रुंद प्रवाह आकाशांतून मोत्यांच्या बारीक सरासारखा दिसेल, हें कालिदासानें विमानावांचून जाणलें होतें. मात्र अशा चित्रांत गडाचा चढ नाहींसा होतो. रायगड चढतांना दमलेल्या मुलास तें अवश्य दाखवावें; न चढलेल्यास आधीं दाखवूं नये, असें आमचें मत आहे.

चौकट दाखविते तशी झांकतेही. आमच्या कळव्याहून खाडीनें खालीं गेलें कीं, ऐरोली व वाशी येथील पुलांच्या दरम्यान रोहित अथवा फ्लेमिंगो पक्ष्यांचें अभयारण्य लागतें. 2015 सालीं तें जाहीर झालें, आणि 2022 सालीं ठाणें खाडीस रामसर क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तेथील चित्रांत बहुधा गुलाबी थवा आणि मागें धुकें एवढेंच असतें. वाहून आलेलें प्लॅस्टिक चौकटीबाहेर. म्हणून सुंदर चित्र निरुपयोगी, असें आम्ही म्हणत नाहीं. कार्लटन वॉटकिन्स यांनीं 1861 सालीं काढलेलीं योसेमिटी खोऱ्याचीं चित्रें दूरच्या लोकांनीं पाहिलीं, आणि तें खोरें जनतेसाठीं राखून ठेवणाऱ्या 1864 च्या कायद्यास त्यांचें मोठें साह्य झालें. परंतु छायाचित्रकार पुष्कळदां दालनांतच उभा असतो. त्यास नुसतें 'छान' म्हणून पुढें जाऊं नये. आपण कोठें उभे होतां, आणि कॅमेरा थोडा डावीकडे वळविला असता तर चित्रांत काय आलें असतें, हें विचारावें. पावसाळा लागला म्हणजे बहुतेक रोहित निघून जातात. चिखल, तिवरांची झाडी आणि शहरांचें सांडपाणी तेथेंच राहतें, आणि त्या दिवसांत तिकडे कॅमेरा घेऊन फारसें कोणी फिरकत नाहीं.