घरातील करवतयंत्र आणि कारखान्यातील शिस्त

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींनी छत्रपती संभाजीनगरला रोजगार दिला हे सर्वमान्यच आहे. परंतु त्याहूनही मोलाची अशी एक गोष्ट त्यांनी या शहराला दिली आणि ती म्हणजे यंत्राचा सराव असलेला, मापाला मान देणारा, स्वतःच्या हातांवर विश्वास ठेवणारा नागरिकवर्ग. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आगेमागे अनेक लहानमोठे कारखाने उभे राहिले, आणि त्या कारखान्यांतून आयुष्य घालविलेली किंवा आजही पाळ्या करणारी माणसे सिडकोच्या रो-हाऊसमध्ये आणि गारखेड्याच्या सदनिकांमध्ये सुट्टीच्या दिवशी पुस्तकांचे कपाट, नातवंडांसाठी पाट, स्वयंपाकघरातली मांडणी असे काही ना काही स्वहस्ते करू पाहतात. ज्या इलाख्यात वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक आजही ‘सुतार का झोपडा’ म्हणतात, कारण तेथील शिल्पकारांनी छताच्या दगडात लाकडी वाशांचीच रचना कोरून ठेवली, त्या इलाख्यात सुतारकामाची ही ओढ नव्याने जागी व्हावी हे मला अत्यंत समाधानाचे वाटते. म्हणूनच या हौशी कारागिरांपुढे आज जो प्रश्न उभा आहे, म्हणजे घरातल्या अपुऱ्या जागेत टेबल सॉ, म्हणजे खालून पाते वर आलेले टेबलाचे करवतयंत्र, घ्यावा काय आणि घ्यावा तर कोणता, त्याचा विचार बाजारातल्या जाहिरातींच्या हवाली न करता गंभीरपणे झाला पाहिजे.

बहुतेक खरेदीदार दुकानात गेल्यावर पाते किती इंची आणि मोटर किती वॅटची एवढेच विचारतात. माझे म्हणणे असे की हे दोन्ही प्रश्न दुय्यम आहेत. पात्याच्या पुढे आणि मागे मोकळी जागा किती, लाकडाला वाट दाखविणारी पट्टी, जिला आपण फेन्स म्हणतो, ती पात्याला तंतोतंत समांतर राहते काय, आणि पात्याच्या मागे कापलेली फट मिटू न देणारे रायव्हिंग नाइफ आहे काय, हे तीन प्रश्न मुख्य होत. आणि त्यांचे समाधानकारक उत्तर मिळत नसेल तर यंत्र कितीही स्वस्त असो, ते नामंजूर करणे हेच शहाणपणाचे.

या तीन प्रश्नांची हयगय केल्याने काय होते ते पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. दोन घोड्यांवर प्लायवूडचा एक तुकडा टाकलेला असतो. त्याला मध्ये लांबट खाच पाडलेली असते. खालून फरशी कापण्याचे चार इंची कटर उलटे करून स्क्रूने आवळलेले असते आणि त्याचे दातेरी पाते खाचेतून वर आलेले असते. कटरचे मूळ कवच काढून टाकलेले, चालू करण्याचा खटका कायमचा दाबून ठेवलेला, फेन्सच्या जागी दोन शिकंज्यांत धरलेली एक पट्टी, आणि बंद करण्याचे बटण म्हणजे भिंतीवरचा बोर्ड, जो गाठायचा तर फिरत्या पात्याला पाठ करून दोन पावले चालत जावे लागते. काही हजारांत सिद्ध होणारा हा सरंजाम आपल्या शहरात, किंबहुना सबंध महाराष्ट्रात, बांधकामांवर आणि फर्निचरच्या कामांवर राजरोस वापरला जातो, आणि तेथूनच तो आता घरोघर शिरू लागला आहे. फरशीचे कटर दगड घासण्यासाठी घडविलेले असते. त्याचे गुळगुळीत चक्र दगडाला झिजविते, चावत नाही. त्यावर लाकडाचे दातेरी पाते चढविले आणि ते मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांनी फिरविले की एका कामासाठी केलेली सगळी तरतूद दुसऱ्या कामात व्यर्थ ठरते, आणि लाकडासाठी जी संरक्षणे अवश्य होती ती तर त्यात मुळातच नसतात.

मला सर्वांत खिन्न करणारी गोष्ट निराळीच आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने कलम २१ अन्वये यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम कुंपण घालणे सक्तीचे केले, आणि आपल्या शहरातल्या कामगारांच्या पिढ्या त्या शिस्तीत वाढल्या. जो फिटर दिवसा पॉवर प्रेसचे संरक्षक कवच जागेवर नसेल तर काम सुरू करण्यास साफ नकार देतो, आणि जो पर्यवेक्षक त्या नकाराचे समर्थन करतो, ते दोघेही संध्याकाळी घरी आल्यावर उघड्या पात्यासमोर निःशंकपणे उभे राहतात, कारण घराला कायदा लागू नाही आणि विचारणारा अधिकारी नाही. बोटे मात्र तीच असतात.

धोका कोठून उद्भवतो हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. दहा इंची, म्हणजे २५४ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ३,६५० फेऱ्या घेत असेल तर त्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे १७५ किलोमीटर भरतो. पात्याचे पुढचे दाते लाकूड खाली दाबतात, तर मागचे दाते वर उसळत असतात. लाकडातला ताण मोकळा होऊन कापलेली फट मागे मिटली, किंवा फेन्सचे मागचे टोक पात्याकडे किंचित झुकलेले असल्यामुळे लाकूड त्या मागच्या दात्यांवर रेटले गेले, तर ते दाते लाकूड उचलून कारागिराच्याच अंगावर भिरकावतात, आणि त्या हिसक्यात लाकडावर टेकलेला हात पात्याकडे ओढला जातो. हे टाळण्यासाठी पात्याच्या लगेच मागे उभे असलेले आणि त्याच्याबरोबर वरखाली होणारे एक पोलादी पाते असते; त्याची जाडी करवतीच्या पात्याच्या अंगापेक्षा थोडी अधिक आणि छेदाच्या रुंदीपेक्षा थोडी कमी ठेवलेली असते, जेणेकरून फट मिटू नये आणि लाकूडही अडू नये. हेच ते रायव्हिंग नाइफ. अमेरिकेत, जेथे घरोघरी अशी यंत्रे आहेत, तेथे पात्याच्या स्पर्शाने दरवर्षी सुमारे ३०,००० लोक जखमी होऊन उपचारार्थ येतात आणि त्यांतील सुमारे ४,००० जणांना बोट किंवा अन्य अवयव गमवावा लागतो, असा तेथील शासकीय ग्राहक-सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे. यंत्रांविषयी जागरूक अशा देशाची ही अवस्था असेल, तर उलट्या कटरच्या भरवशावर चालणाऱ्या आपल्या समाजाने किती खबरदारी घ्यावी हे सांगावयास नको.

आता जागेचा विचार करू. प्लायवूडचा पूर्ण तक्ता आठ फूट बाय चार फूट असतो आणि १८-१९ मिलिमीटर जाडीचा तक्ता तीस किलोंहून अधिक भरतो. म्हणजे ज्या सुटसुटीत यंत्रावर तो सरकवायचा त्या यंत्रापेक्षा तोच जड असण्याचा संभव. शिवाय तो लांबीने फाडायचा तर पात्यापुढे आठ फूट आणि मागे आठ फूट मोकळे हवेत, आणि यंत्राची स्वतःची लांबी धरता अठरा फुटांची सरळ रेषा लागते. दहा बाय बाराच्या खोलीत ती मिळणे नाही. म्हणून लहान जागेसाठी माझ्या मते एकच नियम पुरेसा आहे: लाकूड यंत्राहून मोठे असेल तर यंत्र लाकडाकडे न्यावे, आणि लाकूड यंत्राहून लहान असेल तेव्हाच ते यंत्राकडे न्यावे. पूर्ण तक्ते ज्या दुकानात घेतले तेथे पॅनेल सॉवर मापाप्रमाणे कापून मिळत असतील तर थोडे पैसे देऊन कापून आणावेत. नाहीतर अंगणात थर्माकोलच्या जाड थरावर तक्ता आडवा टाकून, सरळ पट्टी शिकंज्यांनी बांधून, हातकरवतयंत्राने कापावेत. टेबल सॉची खरी योग्यता आहे ती एकाच रुंदीच्या अनेक पट्ट्या काढण्यात, खणांच्या बाजूंत आणि चौकटींत, आणि या कामांना घडीच्या, चाके असलेल्या स्टँडवरचे लहान यंत्र पुरते. पोर्चमध्ये दाराच्या रेषेत ते मांडले म्हणजे लांब पट्टीचे टोक दारातून आत किंवा फाटकाकडे बाहेर जाऊ शकते, आणि काम आटोपले की यंत्र भिंतीशी उभे राहते.

खरेदीच्या वेळी दुकानदाराची कैफियत ऐकण्यापेक्षा खिशातून पोलादी पट्टी काढावी. फेन्स हवी तेथे आवळून पात्याच्या पुढच्या दात्यापाशी आणि मागच्या दात्यापाशी अंतर मोजावे. ती सोडून, सरकवून, पुन्हा आवळून दोन-चार वेळा मोजावे. दोन मापांत तफावत येत असेल तर पुढचा तपशील पाहण्याचे प्रयोजन नाही. पाते वरखाली करून रायव्हिंग नाइफ त्याच्याबरोबर हलते काय ते पाहावे, आणि बंद करण्याचे बटण गुडघ्याने दाबता येते काय तेही पाहावे, कारण अडचणीच्या क्षणी दोन्ही हात लाकडावर असतात. साग आणि भरीव लाकूड फाडण्यास चोवीस दात्यांचे पाते, सनमायका लावलेल्या प्लायसाठी साठ किंवा अधिक दात्यांचे, दोन्ही कार्बाइडच्या टोकांचे, एवढा संच असावा. १८०० वॅटची मोटर आठ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते, तेव्हा अर्थिंग असलेला पंधरा अँपिअरचा पॉइंट हवा. लांब आणि बारीक एक्स्टेन्शन वायरने मोटर तापते आणि वेग मंदावतो. हातमोजे आणि सैल बाह्या या कामात शत्रू आहेत. अरुंद पट्टी पुढे ढकलण्यासाठी काठी हीच मित्र. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच दिला आहे, म्हणून मास्क आणि व्हॅक्यूमची तजवीज यंत्राच्या किमतीतच धरावी. आणि रो-हाऊसची भिंत शेजाऱ्याचीही असते, म्हणून दुपारची विश्रांती आणि रात्र यांत पाते फिरवू नये.

असे रीतसर यंत्र उलट्या कटरच्या आठ-दहा पट किमतीचे पडते, आणि ही रक्कम सर्वांना परवडणारी नाही हे मी जाणतो. ज्याला ती परवडत नाही, किंवा ज्याच्याकडे पात्यापुढे आणि मागे जागा नाही, त्याने टेबल सॉ घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. हातकरवतयंत्र, एक सरळ पट्टी, धार लावलेली पटाशी आणि रंधा एवढ्यावर उत्तम कपाट होते. परंतु व्यक्तीच्या विवेकावर सगळा भार टाकून समाजाने मोकळे होणेही योग्य नव्हे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकामाचे शिक्षण दिले जाते. तेथे सुट्टीच्या दिवशी नागरिकांसाठी दोन दिवसांचे वर्ग चालवावेत, आणि शक्य झाल्यास नाममात्र शुल्कात यंत्रे वापरण्याची मुभाही द्यावी. हत्यारे विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी कवच आणि रायव्हिंग नाइफ यांवाचून एकही करवतयंत्र विकणार नाही असा शिरस्ता स्वतःहून पाडावा. आणि कारखान्यांत सुरक्षा सप्ताह साजरा करणाऱ्या व्यवस्थापनांनी कामगाराच्या घरातल्या यंत्राचाही त्या सप्ताहात विचार करावा. कारण ज्या हातांच्या कौशल्यावर हे शहर उभे आहे, ते हात पाळी संपल्यावरही तितकेच मोलाचे असतात.