पंचाची सही पाहिजे, पंचाचे मत नको

"अडाणी लोकांच्या हाती न्याय दिला म्हणजे त्याचा कसा विचका होतो हे नानावटी खटल्याने दाखविले, म्हणून सरकारने ज्युरी मोडली," असे शिकलेले लोक आजही मोठ्या ऐटीने सांगतात. शहरात जाऊन चार बुके वाचून आलेली आमच्याच गावची पोरेही आता तेच बोलू लागली आहेत. अडाणी लोक म्हणजे कोण? नांगर धरणारे, भाता ओढणारे, चाक फिरविणारे, म्हणजे आपणच. तेव्हा या बोलण्याचा समाचार घेणे आम्हांस भाग आहे.

नानावटी खटला झाला तो मुंबईत. १९५९ साली नौदलातील कमांडर नानावटी याने प्रेम आहुजा यास गोळ्या घातल्या. नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने त्यास निर्दोष ठरविले. सेशन जज्ज मेहता यांना ते पटले नाही व त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडले. हायकोर्टाने १९६० साली जन्मठेप दिली व सुप्रीम कोर्टाने १९६१ साली ती कायम केली. आता आम्ही विचारतो, त्या नऊ जणांत राणीसावरगावचा कुणबी होता काय? गंगाखेडचा कुंभार होता काय? खटल्याच्या वेळी नानावटीच्या बाजूने रान उठविले ते 'ब्लिट्झ' या इंग्रजी साप्ताहिकाने. ते वाचून डोळे पुसणारे लोक अंगठेबहाद्दर नव्हते. चूक झाली असेल तर ती शहाण्यांची झाली, आणि अडाणीपणाचा शिक्का मात्र आमच्या कपाळी! शिवाय ज्युरी बंद करावी अशी शिफारस लॉ कमिशनने १९५८ सालीच केली होती, म्हणजे आहुजा जिवंत असताना.

ज्युरीवर कोणास घेत असत हेही पाहू. १८९८ सालच्या फौजदारी कायद्याप्रमाणे सेशन जज्ज आणि कलेक्टर हे दोघे बसून ज्युरीची यादी करीत. वय एकवीस ते साठ, पुरुष असावा, आणि शिक्षण व चारित्र्य यांवरून त्या दोघांस लायक वाटावा. जेथे शाळेचे तोंडच बहुतेकांनी पाहिले नव्हते तेथे शिक्षणाच्या चाळणीतून खाली काय उरणार? बाया तर कायद्यानेच बाहेर. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा सात युरोपियन व दोन पारशी असे ज्युरर बसले आणि सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. टिळकांशी बहुजनांचे किती मतभेद होते ते जगजाहीर आहे. पण मराठीत लिहिलेल्या लेखांचा निकाल भाषांतरावरून करणारी ती ज्युरी 'बरोबरीच्या लोकांची' होती, असे आम्ही तरी म्हणणार नाही. आमचा परभणी जिल्हा तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. कोर्टाची भाषा उर्दू, फिर्यादीची मराठी, आणि मधल्यामध्ये कागद वाचून दाखविणाराचा खिसा गरम. पुढे १९७३ सालच्या फौजदारी संहितेत ज्युरीस जागा राहिली नाही व १ एप्रिल १९७४ पासून ती संहिता चालू झाली. आपल्या घरात त्याचे सुतक कोणी पाळले नाही. जे ताटात कधी पडलेच नाही, ते काढून घेतल्याची हळहळ कोणास वाटणार?

परंतु वाचकहो, खरी गोष्ट पुढेच आहे. ज्युरीचा मान आपणांस कधी मिळाला नाही, पण ज्युरीची वेठ मात्र आजही आपल्याच मानेवर आहे. तिचे नाव पंच.

पंच हा शब्द एकेकाळी भारी वजनाचा होता. शिवशाहीत व पेशवाईत वतनाचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, आणि सुतार, लोहार, चांभार, न्हावी आपापल्या हत्याराची. लिहिता न येणारा सुतार न्यायाच्या कागदावर आपल्या हत्याराचे चित्र काढीत होता, आणि त्या चित्रास किंमत होती. त्या सभेत उच्चनीच नव्हते असे सोंग आम्ही आणीत नाही. शिवाशीव होतीच, आणि अस्पृश्याच्या पोरास तेथे कसा न्याय मिळत असेल ते निराळे सांगावयास नको. तरी पंच म्हणजे निवाडा करणारा, एवढा अर्थ तरी शाबूत होता. आज पंच म्हणजे पोलिसाने लिहिलेल्या कागदाखाली सही करणारा. मत विचारायचे नाही, बोट दाखवील तेथे नाव लिहायचे!

आम्ही मराठी अध्यापक विद्यालयात शिकून मास्तर झालो, त्यामुळे आमची सही वाचता येण्याजोगी असते, हाच आमचा गुन्हा. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याची विहिरीवरील मोटार चोरीस गेली. त्या पंचनाम्यास आम्हांस व एका सुतारास बोलाविण्यात आले. शाळा सोडून गेलो. कागद अगोदरच लिहून तयार! आम्ही म्हणालो, वाचून दाखवा. तेव्हा जमादार हसून म्हणाले, "मास्तर, पोरांच्या वह्या तपासता तसं इथं तपासत बसू नका." आम्ही वाचलेच. विहिरीची दिशा उलटी लिहिली होती, ती दुरुस्त करविली आणि मग सही केली. सुतारदादांनीही आमच्यामागून सही केली.

यानंतर तीन वर्षे कोणी विचारले नाही. मग समन्स आले. पहिल्या तारखेस आरोपीचे वकील आले नाहीत. दुसऱ्या तारखेस साहेब रजेवर. तिसऱ्या तारखेस मुद्देमालच आला नाही. चौथ्या तारखेस पाचपर्यंत बाकावर बसवून "पुढच्या वेळी या" म्हणून सांगितले. आमचा पगार तरी चालू असतो. सुतारदादांनी चार दिवस रंधा बाजूला ठेवला, एस. टी.चे भाडे गाठचे दिले, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत घरचे माणूस कमी झाले ते वेगळेच. पाचव्या तारखेस साक्ष झाली. वकिलांनी विचारले, मोटारीचा रंग कोणता? तीन वर्षांनी! सुतारदादा गोंधळले, तेव्हा लगेच "पंच फितूर" म्हणून शिक्का मारावयास सरकारी बाजू तयार. ज्या माणसास चार वेळा परत धाडले, तो पाचव्या वेळी "मला काही आठवत नाही" म्हणाला तर तो फितूर, की त्यास थकविणारे फितूर?

हे आमचेच रडगाणे नव्हे. सुप्रीम कोर्टाने २००० साली स्वरण सिंग खटल्यात साक्षीदारांच्या या हालांवर स्पष्ट बोल लावले. साक्षीदार कंटाळून नाद सोडीपर्यंत तारखा पडतात, त्यास भत्ता वेळेवर मिळत नाही, कोर्टात कोणी नीट वागवीत नाही, असे त्याचे सार आहे. साक्षीदार हजर असता त्याची साक्ष न घेता तारीख देऊ नये, द्यावीच लागली तर खास कारण लेखी नोंदवावे, असे कायदा सांगतो. साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारातून देण्याचा अधिकारही कोर्टास आहे. कागदावर सगळे गोड आहे. आमच्या सुतारदादांस त्यातले काही कोणी सांगितले नाही.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या कोर्टात ज्युररला दिवसास पन्नास डॉलर देतात. इंग्लंडात ज्युरी मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडतात व बुडालेल्या मजुरीचा काही भाग आणि प्रवासखर्च देतात. तेथे मजूर आणि सावकार एका बाकावर बसतात आणि त्यांचे मत जज्जास ऐकावे लागते. येथे मत तर नाहीच, भाडेही नाही!

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात झडती-जप्तीचे चित्रण कॅमेऱ्याने करावे असे आहे. ठीक झाले. परंतु वस्तीतील दोन स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी अजूनही लागतातच. गंमत अशी की सही घेताना आपण 'प्रतिष्ठित', आणि न्याय करावयाची गोष्ट निघाली की 'अडाणी'.

म्हणून शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, पंच म्हणून बोलावणे आले तर पळून जाऊ नका. झडतीस हजर राहण्याचा लेखी हुकूम असता सबळ कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा आहे, आणि शेजाऱ्याची चोरी ही उद्या आपलीही असते. पण कागद पुरा वाचून घ्या. वाचता येत नसेल तर घरच्या शिकलेल्या मुलीस सोबत न्या. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. काय पाहिले ते त्याच रात्री घरी वहीत तारखेनिशी लिहून ठेवा. साक्षीस गेलात की भत्त्याची मागणी कोर्टापुढे तोंडाने व कागदाने करा. आणि येत्या ग्रामसभेत ठराव मांडा की पंचाचा व साक्षीदाराचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी त्याच दिवशी, त्याच कचेरीत, त्याच्या हातावर पडली पाहिजे, आणि पंचनाम्याची एक प्रत सही करणारास मिळाली पाहिजे. ठरावावर सह्या करताना ज्यास लिहिता येत नाही त्याने खुशाल आपल्या हत्याराचे चित्र काढावे.