हिरव्या दिव्याखाली अंधार

एस.टी.च्या स्थानकावर किंवा सरकारी कचेरीत पूर्वी एक पाटी हमखास दिसे : 'तक्रार-पुस्तक मागितल्यास मिळेल.' मागायला गेले की ते कुलपात असे, किल्ली साहेबांकडे असे आणि साहेब फिरतीवर असत. तरीही त्या पुस्तकाचा एक गुण मान्य करायला हवा. आपण लिहिलेली तक्रार शाईने त्या पानावर राहत असे आणि तिच्यापुढे कोणी शेरा मारला नाही, तर ती कोरी जागाही पुढच्या माणसाला दिसत असे.

आता पुस्तकाची जागा मोबाइलने घेतली आहे आणि साहेबांच्या टेबलावर संगणकाचा पडदा आला आहे. आलेल्या तक्रारी किती, निकाली किती, प्रलंबित किती, हे रंगीत आकृत्यांमधून सांगणाऱ्या या पडद्याला डॅशबोर्ड म्हणतात. बँका, विमा कंपन्या, महापालिका, मंत्रालये, सगळ्यांकडे तो आहे. त्याने ग्राहकाचे आणि नागरिकाचे भले झाले का, हा खरा प्रश्न.

गेल्या पावसाळ्यात आमच्या नळाला गढूळ, वास मारणारे पाणी येऊ लागले. मी मोबाइलवरून स्थानिक पालिकेकडे तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी संदेश आला : 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' पाणी मात्र तसेच. पुन्हा नोंदवली, पुन्हा निकाली. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी कचेरी गाठली. तिथल्या अभियंत्याने सौजन्याने पडदा माझ्याकडे वळवला. शहराचा नकाशा होता. काही प्रभाग हिरवे, काही पिवळे, एखाद-दुसरा लाल. आमचा प्रभाग हिरवागार! माझ्या नावावर तीन तक्रारी, तिन्ही मुदतीत निकाली. एकदाही न सुटलेला प्रश्न तिथे तीनदा सुटला होता.

'आमचा माणूस येऊन पाहून गेला, की आम्ही ती बंद करतो. मुदत उलटली तर लाल होते आणि वरून विचारणा येते,' अभियंता म्हणाला. त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्याच्याकडून जे मोजून मागितले जात होते, ते तो इमानाने देत होता.

त्या नकाशात आणखी एक गोष्ट होती. नाल्यापलीकडच्या वस्तीला त्याच वाहिनीचे पाणी जाते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची दोन्ही मुले त्या महिन्यात काविळीने अंथरुणाला खिळली होती. पण वस्तीतून एकही तक्रार नोंदलेली नव्हती. तक्रार करायची कुठे हे तिथे ठाऊक नव्हते आणि करून काही होते, यावर विश्वासही नव्हता. म्हणून तोही भाग हिरवाच. गळती अखेर सापडली ती पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारल्यावर. वाहिनी नाल्यातून जाते तिथला जोड निसटला आहे, हे त्याला कधीचे माहीत होते. त्याला कोणी विचारले नव्हते, एवढेच.

डॅशबोर्ड या शब्दाचा इतिहास इथे आठवतो. मोटारी येण्यापूर्वी घोडागाडीच्या पुढल्या बाजूला एक आडवी फळी बसवत. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये, हे तिचे काम. पुढे मोटारीत त्याच जागी वेग नि इंधन दाखवणारी तबकडी आली. नाव मात्र तेच राहिले. आजच्या कचेरीतला डॅशबोर्ड या दोहोंपैकी कोणते काम करतो? रस्त्याची खबर देतो, की रस्त्याचा चिखल साहेबांपर्यंत पोहोचू देत नाही?

हे साधनच टाकाऊ आहे, असे मुळीच नाही. उलट सुट्या तक्रारींतून न दिसणारे सत्य तक्रारींच्या राशीतून दिसते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर २०२४ मध्ये 'ओला' या टॅक्सीसेवेविषयी तक्रारी येत होत्या. प्रत्येक तक्रार किरकोळ रकमेची. एकेकट्याने ग्राहक आयोगात जाण्याजोगी नव्हे. पण त्या एकत्र पाहिल्यावर दिसले, की परतावा देताना कंपनी पुढच्या प्रवासाचे कूपन देते, पैसे बँकेत परत घेण्याचा पर्याय देत नाही. हा चालकाचा दोष नव्हता, कंपनीचे धोरण होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या ऑक्टोबरात कंपनीला आदेश दिला, की परतावा खात्यात हवा की कूपनात, हे ग्राहकाला ठरवू द्या. तक्रारींच्या विश्लेषणाचे चीज होते ते असे. एकेका ग्राहकाची समजूत घालण्याऐवजी तक्रारीचे मूळच उपटले गेले.

केंद्र सरकारची सार्वजनिक तक्रार निवारणाची संगणकीय व्यवस्था २००७ मध्ये सुरू झाली. निवारणाची मुदत २०२१ मध्ये साठ दिवसांवरून पंचेचाळीसवर, २०२२ मध्ये तीसवर आणि २०२४ मध्ये एकवीस दिवसांवर आली. कागदोपत्री ही प्रगती स्वागतार्ह. पण मुदत जितकी आखूड, तितका 'बंद' या कळीचा मोह मोठा. व्यवस्था घडवणाऱ्यांना याची जाणीव असावी. कारण निकालावर असमाधानी असलेल्याला अपील करण्याची सोय त्यांनी ठेवली आणि २०२२ पासून तक्रारदारांना फोन करून 'समाधान झाले का?' असे विचारणारे केंद्रही चालवले. माझ्या मते सगळ्या मुदतींपेक्षा हा एक फोन मोलाचा आहे.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण नोंदवले होते. त्याचा सोपा अर्थ असा, की एखादे माप हेच उद्दिष्ट बनवले, की ते चांगले माप राहत नाही. याची प्रचिती दारात येते. सामान पोहोचवणारा मुलगा पुडके हातात देतो आणि अजिजीने म्हणतो, 'काका, पाच तारे द्या हं.' आपण देतो. वस्तू खराब निघाली तरी देतो, कारण त्याच्या पोटाचा प्रश्न आहे हे आपल्याला कळते. तिकडे कंपनीच्या पडद्यावर ग्राहक प्रसन्न असल्याची नोंद होते. आपण एका गरीब मुलावर दया केली, ती कंपनीच्या खात्यावर जमा झाली.

मग करायचे काय? पडदे काढून टाकून पुन्हा कुलपातल्या पुस्तकाकडे जायचे नाही. तीन साध्या गोष्टी पुरेत. पहिली, तक्रार बंद करण्याची कळ तक्रारदाराच्या हाती हवी. तो ठराविक दिवसांत बोललाच नाही, तर 'उत्तर नाही' अशी वेगळी नोंद व्हावी, तिला समाधान म्हणू नये. दुसरी, त्याच जागेवरून तीच तक्रार पुन्हा आली, तर ती नवी न धरता जुनीच उघडावी आणि पहिल्या दिवसापासून तिचे वय मोजावे. तिसरी, जिथून तक्रारच येत नाही तो भाग हिरवा न रंगवता कोरा ठेवावा. कोरी जागा प्रश्न विचारते. हिरवी जागा झोप आणते. आणि अधूनमधून साहेबांनी पडद्यासमोरून उठून चावीवाल्याबरोबर एक फेरी मारावी. त्याला संगणक लागत नाही.

यातले काहीच अवघड नाही. नकोसे मात्र आहे. कारण असे मोजले, तर पहिल्या वर्षी बहुतेक नकाशे लाल होतील आणि लाल नकाशा वर पाठवण्याचे धैर्य आपल्या प्रशासनात दुर्मिळ. मात्र हे धैर्य दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा होणार असेल, तर दोष त्याचा नाही, वर बसून हिरवा रंग मागणाऱ्यांचा आहे.

वाहिनीचा जोड दुरुस्त झाला. बाईंची मुले बरी झाली, शाळेत जाऊ लागली. परवा कचेरीत गेलो, तेव्हा सहज तो पडदा पाहिला. आमचा प्रभाग हिरवाच होता. आजारपणातही तो हिरवा होता, बरे झाल्यावरही हिरवाच. आजारी आणि निरोगी यांतला फरक ज्या आरशात दिसत नाही, त्या आरशात पाहून राज्य कसे करायचे?