विश्लेषण : न्यूरबर्गरिंगचा विक्रम खरा, पण शोरूममध्ये मिळणारी गाडी तीच असते का?

एप्रिल २०२३ मध्ये होंडाने सिव्हिक टाइप आरचा लॅप टाइम जाहीर केला : ७ मिनिटे ४४.८८१ सेकंद. जर्मनीतील न्यूरबर्गरिंगवर फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांमध्ये हीच सर्वांत वेगवान, असा कंपनीचा दावा होता. पण रेनॉच्या मेगान आरएस ट्रॉफी-आरने २०१९ मध्येच ७ मिनिटे ४०.१०० सेकंदांची वेळ नोंदवली होती. मग चार सेकंदांहून अधिक मागे असलेली होंडा पहिली कशी ठरली? या प्रश्नाच्या उत्तरातच लॅप टाइमच्या आकड्यांमागची खरी मेख आहे.

एकाच फेरीचे दोन आकडे कसे?

आयफेलच्या डोंगराळ भागातील हा ट्रॅक १९२७ मध्ये सुरू झाला. विक्रमांसाठी वापरला जाणारा त्याचा भाग म्हणजे नॉर्डश्लायफे. त्याची पूर्ण लांबी २०.८३२ किलोमीटर आहे. पूर्वी अनेक कंपन्या सुरुवातीजवळचा एक सरळ तुकडा सोडून सुमारे २०.६ किलोमीटरचीच वेळ मोजत. २०१९ पासून अधिकृत नोंदीसाठी पूर्ण अंतर ग्राह्य धरले जाऊ लागले. रेनॉचा ७:४०.१०० हा आकडा कमी अंतराचा होता. त्याच फेरीची पूर्ण अंतराची वेळ ७:४५.३८९ होती. म्हणजे होंडा अर्ध्या सेकंदाने पुढे! यात कोणीही खोटे बोलले नव्हते. फरक होता तो फक्त घड्याळ कुठून कुठपर्यंत चालले याचा.

तरीही या ट्रॅकला एवढे महत्त्व का?

शून्य ते १०० किलोमीटर वेग गाठण्याची चाचणी काही सेकंदांत संपते. त्यातून इंजिनाची किंवा मोटरची ताकद कळते, बाकी फारसे काही नाही. नॉर्डश्लायफेवर सत्तरहून अधिक वळणे आणि सुमारे ३०० मीटरचा चढ-उतार आहे. इथे ब्रेक तापतात, टायर झिजतात, सस्पेन्शनचा कस लागतो. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी गरम झाल्यावरही तेवढीच ताकद देते का, हेही दिसते. त्यामुळे लॅप टाइम ही निव्वळ जाहिरातबाजी नाही. अभियंत्यांना त्यातून खूप काही शिकता येते. प्रश्न आहे तो दोन गाड्यांची तुलना करताना.

गाडी तीच, मग वेळ का बदलते?

मर्सिडीज-एएमजी वनने ऑक्टोबर २०२२ मध्ये ६:३५.१८३ अशी वेळ दिली. तेव्हा ट्रॅक काही ठिकाणी ओलसर होता. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच मॉडेलने ६:२९.०९० ही वेळ नोंदवली. दोन्ही वेळा चालक मारो एंगेलच होते. मॉडेल तेच, चालक तोच, तरी सहा सेकंदांचा फरक पडला. म्हणूनच वेगवेगळ्या दिवशी धावलेल्या दोन कंपन्यांच्या गाड्यांमधील दोन-तीन सेकंदांच्या फरकावरून निकाल लावणे धोक्याचे ठरते.

चालकही सारखे नसतात. फोर्डच्या मस्टँग जीटीडीची ६:५२.०७२ ही वेळ व्यावसायिक रेसरने दिली, तर शेव्हरोलेने कॉर्व्हेट झेडआर१एक्सची ६:४९.२७५ ही वेळ आपल्या अभियंत्याकडून नोंदवून घेतली.

टायरवरून तर थेट वाद झाला आहे. २००८ मध्ये निसानने जीटी-आरसाठी ७:२९ अशी वेळ जाहीर केली. पोर्शेने स्वतः एक जीटी-आर विकत घेऊन चाचणी केली, तेव्हा ७:५४ च्या आसपासच मजल गेली. निसानने सामान्य टायर वापरले नसावेत, असा आरोप पोर्शेने केला. निसानने तो फेटाळला आणि पोर्शेच्या चालकांना गाडी चालवायचे प्रशिक्षण देण्याची तयारी दाखवली!

‘प्रॉडक्शन कार’ म्हणजे नेमकी कोणती?

मेगान ट्रॉफी-आरमध्ये वजन कमी करण्यासाठी मागची सीटच काढून टाकली होती आणि अशा मोजक्याच गाड्या बनल्या. ती विक्रीला होती, म्हणून प्रॉडक्शन कारच. पण तुलनेत आलेल्या सिव्हिकला मागची सीट आहे.

चिनी कंपनी शाओमीचे उदाहरण आणखी बोलके आहे. एसयू७ अल्ट्राच्या प्रोटोटाइपने २०२५ मध्ये ६:२२.०९१ अशी वेळ दिली. विक्रीच्या एसयू७ अल्ट्राची वेळ ७:०४.९५७, तीही ट्रॅकसाठीचे जादा पॅकेज बसवून. नाव एकच, फरक जवळपास ४३ सेकंदांचा. सोशल मीडियावरच्या व्हिडिओत बऱ्याचदा फक्त नाव आणि लहान आकडा उरतो.

ग्राहकाला त्याची किंमत कशी मोजावी लागते?

मे २०२५ मध्ये शाओमीने सॉफ्टवेअर अपडेट आणून या गाडीची १,५४८ हॉर्सपॉवरची ताकद सुमारे ९०० पर्यंत मर्यादित केली. पूर्ण ताकद हवी, तर मालकाने ठरावीक ट्रॅकवर ठरावीक वेळेत फेरी पूर्ण करून दाखवायची. पैसे मोजून घेतलेली ताकद कंपनी काढून कशी घेते, असा संताप व्यक्त झाला आणि अपडेट थांबवावे लागले. रस्त्यावरच्या सुरक्षिततेचा विचार केला तर कंपनीची काळजी अनाठायी नव्हती. पण मग ज्या ताकदीच्या जोरावर गाडी विकली, ती रोजच्या रस्त्यासाठी नाही, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच होती.

मग न्याय्य तुलना कोणती?

अमेरिकेतील ‘कार अँड ड्रायव्हर’ हे नियतकालिक २००६ पासून व्हर्जिनियातील एका ट्रॅकवर ‘लायटनिंग लॅप’ ही चाचणी घेत आले आहे. तिथे गाडी कंपनीचा चालक नव्हे, तर नियतकालिकाचे लोक चालवतात. हवामानाचा फरक तिथेही पडतो, पण निकाल जाहीर करणारा आणि गाडी विकणारा एकच नसतो.

न्यूरबर्गरिंगचा पुढचा विक्रम फॉरवर्ड करण्याआधी म्हणूनच चार गोष्टी पाहाव्यात : अंतर किती, टायर कोणते, चालक कोण आणि ती गाडी त्याच रूपात विकत मिळते का. यांची उत्तरे नसतील, तर तो आकडा त्या एका फेरीबद्दल खरे सांगतो. तुमच्या दारात येणाऱ्या गाडीबद्दल मात्र फारसे काही सांगत नाही.