मोठं घेऊ की छोटं? परवाना मागणाऱ्या मित्रांसाठी चार गोष्टी

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण विषय कमरेला लावायच्या हत्याराचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

परवा शहाद्यात बाजार समितीबाहेर चहा घेत होतो. आमच्या नात्यातला एक पोरगा, कापसाची खरेदी करतो, शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "काका, परवान्याची फाईल पुढे सरकलीय. आता तुम्हीच सांगा, मोठं घेऊ की छोटं? शर्टाखाली दिसायला नको, पण वेळेला कामाला यायला हवं."

मला विचारलं कारण माझ्याकडे परवाना आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .32 चं रिव्हॉल्व्हर आहे. बरीच वर्षं ते मी कमरेला लावून फिरलो. हंगामात शेतकऱ्यांना रोख द्यावी लागायची, संध्याकाळी अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने एकटं यावं लागायचं. भीती खरी होती. आजही त्या पोराची भीती खरी आहे, मी तिला हसणार नाही.

त्याने मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले होते. ग्लॉक 17 मोठं, ग्लॉक 19 मधलं, ग्लॉक 43 एकदम छोटं. कोणात 17 गोळ्या, कोणात 15, कोणात 6. त्याला म्हटलं, बाबा रे, ते सगळं विसर. ती तिन्ही 9 मिलिमीटरची आहेत आणि आपल्याकडे 9 मिलिमीटर हा प्रतिबंधित बोअर. साध्या नागरिकाच्या परवान्यावर तो मिळत नाही. परदेशी हत्यार आणणंही सामान्य माणसासाठी ऐंशीच्या दशकातच बंद झालं. त्याआधी आलेली जुनी पिस्तुलं हातोहात फिरतात, त्यांची किंमत लाखांत. आपल्यासमोर असतं ते .32, नाहीतर .22.

पण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्याकडेही मोठं-छोटं आहेच. 2014 मध्ये 'निर्भीक' नावाचं .32 चं रिव्हॉल्व्हर आलं. महिलांसाठी हलकं म्हणून त्याची जाहिरात झाली, वजन साधारण 500 ग्रॅम, किंमत तेव्हा 1 लाख 22 हजारांच्या वर. .22 चं 'निडर' त्याहून हलकं, जेमतेम 250 ग्रॅम. आणि 2023 मध्ये कानपूरहून 'प्रबळ' आलं, सुमारे 700 ग्रॅमचं, पल्ला 50 मीटर सांगतात. म्हणजे पाव किलोपासून पाऊण किलोपर्यंत निवड आहे. वांगी घेताना आपण इतका विचार करतो, इथे तर केलाच पाहिजे.

आता माझा अनुभव सांगतो.

मोठं हत्यार नेम धरायला सोपं. नळी लांब असली की पुढची आणि मागची माशी यांत अंतर जास्त राहतं, त्यामुळे हाताची चूक लवकर दिसते. वजन जास्त असलं की बार उडताना धक्का कमी बसतो. मुठीत चारही बोटं बसतात. पण मे महिन्यात आपल्याकडे ऊन काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. अंगात पातळ सुती शर्ट. त्यात पाऊण किलो लोखंड लपवायचं कसं? बाईकवर बसलं की पोटात टोचतं, जीपमधून उतरताना शर्ट अडकतो. आठ दिवसांत माणूस कंटाळतो आणि ते गाडीच्या डिकीत टाकतो. डिकीतलं हत्यार वेळेला तुमच्या कामाचं नाही, चोराच्या कामाचं.

छोटं हत्यार लपतं छान. पण लोकांना वाटतं छोटं म्हणजे सोपं. उलट आहे. मुठीत दोनच बोटं बसतात, करंगळी हवेत. हलकं असल्यामुळे धक्का जास्त. घोडा जड, तो ओढताना नळी खाली झुकते. पहिली गोळी कुठे जाईल याची खात्री नाही, दुसरीची तर बोलूच नका. ज्याने आयुष्यात वीस गोळ्या झाडल्या नाहीत त्याच्या हातात छोटं पिस्तूल म्हणजे शेजाऱ्याला धोका.

म्हणून त्या पोराला सरळ सांगितलं, घ्यायचंच असेल तर मधलं घे. मुठीत पूर्ण बसेल आणि दिवसभर अंगावर राहील एवढं. दोन्हीपैकी एक सोडावं लागलं तर लपणं सोड, पकड सोडू नकोस. ढगळ शर्ट शिवून घेता येतो, हात मोठा करून घेता येत नाही.

इथे तो खूश झाला. पण माझं बोलणं संपलं नव्हतं.

पहिली गोष्ट, लपवणं ही आपल्याकडे हौस नाही, कायदा आहे. 2016 च्या शस्त्र नियमांत स्पष्ट आहे की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. दोन्ही अटी एकदम. शर्टाखालून दस्ता मुद्दाम दिसेल असा ठेवणारे पुढारी आपण रोज बघतो. ते नियमात बसत नाही. लग्नात बार काढणाऱ्यांसाठी तर 2019 च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

दुसरी गोष्ट, आपला जिल्हा. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, जिल्हा, राज्य की सगळा देश. पुण्याच्या माणसाला याचा फरक पडत नाही. आपण मात्र सकाळी शहाद्यात चहा घेतो आणि दुपारी खेतियाला मध्य प्रदेशात असतो. नंदुरबारहून निझर गाठलं की गुजरात. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. राज्यापुरता परवाना असलेला माणूस फलाटावर चार पावलं चालला की गुन्हेगार! हत्यार छोटं होतं, मोठं होतं, तिथे कोणी विचारत नाही.

तिसरी गोष्ट, स्वसंरक्षण. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये हा हक्क दिलेला आहे. पण बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क कोणालाच नाही. चोर बॅग घेऊन पळाला, आता जीव धोक्यात नाही, अशा वेळी मागून गोळी घातली तर पुढची दहा वर्षं तारखा तुमच्या. अंधारात, घामेजल्या हाताने, दोन सेकंदांत हा हिशेब करायचा असतो. तो हिशेब सरावाशिवाय जमत नाही.

आणि सराव कुठे करणार? 25 मीटर पिस्तुलात आशियाई सुवर्ण जिंकणारी राही सरनोबत आपल्याच महाराष्ट्रातली, कोल्हापूरची. ती मोठं, हातात भरणारं स्पर्धेचं पिस्तूल घेऊन वर्षानुवर्षं रोज सराव करते, तेव्हा नेम लागतो. माझ्या ओळखीच्या परवानाधारकांपैकी बहुतेकांनी हत्यार घेतलं त्या वर्षी शेतात दोन-चार बार काढले (तेही नियमात बसत नाही), त्यानंतर फक्त दसऱ्याला पूजा. मीही त्यांच्यातलाच. कबूल करतो.

आता ती गोष्ट, जी मी त्या पोराला चहावर सांगितली आणि इथेही सांगतो.

काही वर्षांपूर्वी तळोद्याकडे एका लग्नाला गेलो होतो. रिव्हॉल्व्हर कमरेला, वरून सैल सदरा. पंगतीत मांडी घालून बसलो. वाढपी वाकून आमटी वाढत होता, मी पुढे सरकलो. तेवढ्यात नात्यातला पाच वर्षांचा एक मुलगा मागून पाठीवर चढला. लाडाचा आहे, नेहमी चढतो. सदरा वर सरकला आणि त्याचा हात थेट दस्त्यावर. "आजोबा, हे काय आहे?" होल्स्टरचं बटण लागलेलं होतं म्हणून... पुढचं लिहवत नाही. मी त्याचा हात धरला, उठलो आणि ताट तसंच ठेवून घरी आलो. रस्त्यात बायको एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "चोरापासून वाचवायला घेतलं होतं ना?"

झाकलेलं होतं. छोटं नव्हतं, फार मोठंही नव्हतं. परवाना होता. तरी पाच वर्षांच्या मुलाचा हात तिथे पोचला. त्या दिवसापासून ते कमरेला नाही, तिजोरीत आहे.

मग धंदा कसा चालतो? त्याचं उत्तर मला निवडणुकीने दिलं. आचारसंहिता लागली की आम्हा परवानाधारकांना नोटीस येते, हत्यार पोलीस ठाण्यात जमा करा. मीही केलं होतं. ते दोन महिने आम्ही काय केलं? शेतकऱ्यांना खात्यावर पैसे टाकले. ज्यांना रोख हवी त्यांना दुपारी, उजेडात दिली. दोघं मिळून गेलो. रोजची वेळ बदलली. कमरेला काही नव्हतं आणि रोकडही फारशी नव्हती. भीतीचं कारणच निम्मं झालं. निवडणूक संपली, हत्यार परत आलं, पण त्या सवयी तशाच ठेवल्या.

याचा अर्थ कोणालाच परवाना नको असं मी म्हणत नाही. ज्याला खरी धमकी आहे, ज्याचं शेत किंवा पंप आडरानात आहे, त्याने मागावा, जिल्हाधिकारी कार्यालयाने तपासून द्यावा. पण गावठी कट्ट्याचा विचारही करू नका. सीमेपलीकडून, उमर्टीकडून येणारा माल आपल्या भागात पकडला गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचताच. विनापरवाना हत्यार बाळगलं तर 2019 पासून किमान दोन वर्षं, पाच वर्षांपर्यंत कैद. रीलसाठी हातात कट्टा धरणारी वीस वर्षांची पोरं यात आयुष्य घालवतात. त्यांचे आईबाप पुढे कोर्टाच्या दारात बसतात.

प्रशासनाकडे माझी मागणी एकच आहे. परवाना देताना प्रशिक्षणाची अट आहे, पण परवाना पाच वर्षांचा आणि प्रशिक्षण एकदाच. जिल्ह्यात पोलिसांच्या देखरेखीखाली वर्षातून दोन दिवस परवानाधारकांचा सराव घ्या. फी घ्या, हजेरी लावा. जो आला नाही त्याचं नूतनीकरण थांबवा. ज्याला गोळी कुठे जाते हे माहीत नाही त्याच्या कमरेला हत्यार असू नये, मग तो व्यापारी असो, पुढारी असो की मी. यात माझाही परवाना गेला तर चालेल.

त्या पोराने शेवटी विचारलं, "काका, मग घेऊ की नको?" मी म्हटलं, "आधी महिनाभर खात्यावर पैसे टाकून बघ, संध्याकाळी एकटा येऊ नकोस. त्यानंतरही भीती वाटली तर ये. मधलं कोणतं घ्यायचं ते दोघं मिळून बघू. आणि घरात लहान मूल आहे ना तुझ्या? मग हत्याराच्या आधी कुलपाची तिजोरी घे."

तो काही बोलला नाही. चहाचे पैसे त्याने दिले, फोनवरून.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी खरं सांगा, शेवटचा सराव कधी केला? कमेंटमध्ये लिहा. लाजू नका, मीही माझं लिहिलंय.