छातीवरचे चिन्ह आणि परीक्षेला नसलेले पान

जानेवारी आणि ऑगस्टमध्ये अनेकांच्या छातीवर तिरंग्याचे बिल्ले दिसू लागतात. अलीकडे त्यांच्या जोडीला संविधानाची उद्देशिका छापलेले टी-शर्टही आले आहेत. अशी चिन्हे अंगावर वागवल्याने नागरिकत्वाची जाणीव रुजते आणि संविधानाविषयी कुतूहल जागे होते, असे ती वाटणाऱ्या संस्था व शिक्षक मनापासून मानतात. या श्रद्धेची टिंगल करण्याचे कारण नाही. ती तपासण्याचे कारण मात्र आहे. चिन्ह आणि अर्थ यांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या साहित्याच्या विद्यार्थ्यांवर तर ही जबाबदारी अधिकच येते.

साहित्यशास्त्रातला ‘गंगेवर गवळीवाडा’ हा दृष्टांत आपण सारेच शिकवतो. नदीच्या प्रवाहावर वस्ती असणे अशक्य, म्हणून मुख्यार्थ अडतो. तो अडतो म्हणूनच मन ‘गंगेच्या काठी’ या अर्थापर्यंत पोहोचते आणि त्यासोबत शीतलता, पावित्र्य यांची सूचना मिळते. नागपूरच्या १९२३च्या झेंडा सत्याग्रहात नेमके हेच घडले. सिव्हिल लाइन्समध्ये चरखांकित ध्वज घेऊन जाण्यास बंदी होती आणि तरी तो घेऊन जाणारे तुरुंगात जात होते. एका कापडासाठी माणसे कैद का पत्करतात, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडल्याखेरीज राहत नव्हता. तेथे अटक हाच मुख्यार्थबाध होता. आजच्या बिल्ल्याला असा अडथळा नाही. तो सहज मिळतो, सहज लावला जातो आणि सहज विसरला जातो. शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर प्रयोजनवती लक्षणेची रूढ लक्षणा झाली आहे.

अर्थात, ही सहजताही कुणीतरी मिळवून दिलेली आहे. सामान्य नागरिकाला वर्षभर ध्वज फडकवण्याची मोकळीक २६ जानेवारी २००२पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेने दिली. २३ जानेवारी २००४ रोजी नवीन जिंदल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सन्मानपूर्वक ध्वज फडकवणे हा अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. मात्र त्यावर वाजवी निर्बंध असू शकतात. बिल्ला लावणारा तरुण याच स्वातंत्र्याच्या छायेत उभा असतो. हे त्याला कुणी सांगितलेले असते का?

आणि हे सांगायचे तर त्याच अनुच्छेदाची दुसरी बाजूही सांगावी लागते. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत. परंतु आपल्या धर्मश्रद्धेमुळे ते गात नसत. त्यांना शाळेतून काढण्यात आले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने, याच अनुच्छेदाचा आणि धर्मस्वातंत्र्याविषयीच्या अनुच्छेद २५चा आधार घेऊन, ती कारवाई चुकीची ठरवली. म्हणजे चिन्ह मिरवणारा आणि मौन पाळणारा, या दोघांनाही एकाच कलमाने आसरा दिला आहे. बिल्ल्यामुळे एवढे जरी कळले तरी तो सार्थकी लागला. पण त्या बिल्ल्याच्या बळावर शेजाऱ्याची देशभक्ती मोजायला निघालो, तर चिन्ह जवळ राहते आणि संविधान हातचे जाते. मूलभूत कर्तव्यांच्या अनुच्छेद ५१क मधील पहिल्याच खंडाचा क्रमही बोलका आहे: आधी संविधानाचे पालन, मग त्याच्या आदर्शांचा व संस्थांचा आदर, आणि त्यानंतर राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत.

बिल्ल्याची आणखी एक मर्यादा आहे. तो लावणाऱ्याला दिसत नाही. तो असतो समोरच्यासाठी. उद्देशिकेची दिशा याच्या उलट आहे. तिच्या मराठी पाठाचा आरंभ ‘आम्ही’ने होतो. श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद मराठीत आहे. मग येथे ‘आम्ही’च्या बाहेर उरते कोण? कुणीच नाही; कारण शेवटी हे संविधान लोक स्वतःलाच अर्पण करतात. देणारा आणि घेणारा एकच. असे वचन दुसऱ्याला दाखवून पूर्ण होत नाही.

हे सारे शिकवण्याची जागा आपल्याजवळ आधीपासूनच आहे. बालभारतीच्या पुस्तकांत पहिल्या धड्याच्याही आधी उद्देशिका छापलेली असते. परीक्षेला नसल्यामुळे ते पान न वाचताच उलटले जाते. मराठीच्या तासाला ते गद्य म्हणून वाचावे. हे सगळे एकच वाक्य आहे. त्याचा कर्ता कोणता, क्रियापदे कोणती? ‘न्याय’ या नामाला सामाजिक, आर्थिक आणि राजकीय अशी तीन विशेषणे का लागली? १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने कोणते शब्द आत आणले आणि त्यांच्यावर अजून वाद का होतात? वाक्यपृथक्करणातूनही नागरिकशास्त्र शिकवता येते.

सांविधानिक नीतिमत्ता ही उपजत भावना नव्हे, ती जोपासावी लागते, असे डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८मध्ये संविधानसभेत बजावले होते. जोपासना म्हटली की वेळ आला, श्रम आले, मतभेद आले. बिल्ले वाटायला कुणाचीच हरकत नसावी. मात्र येत्या २६ नोव्हेंबरला, संविधानदिनी, ते वाटण्याआधी एक तास ते पान वर्गात वाचले जावे, आणि ज्याला बिल्ला लावायचा नसेल त्यालाही त्या वाचनात तितकेच मानाचे स्थान असावे, एवढा आग्रह शिक्षकांनी अवश्य धरावा.