नाल्याचा सातबारा कोणाच्या नावावर?



सक्करदऱ्याच्या तलावावर जलपर्णी चढली की बोंब होते. नाग नदीचं गटार झालं म्हणून भाषणं होतात. व्हायलाच पाहिजेत. पण जे पाणी जमिनीच्या पोटात उतरून गायब होतं त्याची बोंब कोण मारणार? त्याला वास नाही, त्याचा फोटो निघत नाही. नाला आटला की लोक म्हणतात, पाऊस कमी झाला. पावसाच्या नावावर किती पापं खपवायची, बे?

मी मुंबईच्या गोदीत ओझी वाहतो. घर सक्करदऱ्याला. मॅट्रिक झालो, कविता लिहितो. खाणीचा इंजिनेर नाही. पण मोजमाप कशाला म्हणतात ते माझ्या पाठीला ठाऊक आहे. गोदीत जहाजाचा टॅली क्लार्क वेगळा अन् धक्क्यावरचा वेगळा. दोघांचे आकडे जुळले तर माल खरा. मी एका मुकादमाच्या हाताखाली राबलो, तिथं पोती आमची अन् वही एकट्या त्याची. आठवड्याचा हिशेब आमच्या पाठीशी कधीच जुळला नाही. ज्याचा धंदा त्याच्याच हातात मोजपट्टी दिली, की गरिबाचा आकडा घटलाच म्हणून समजा.

हेच कोळशाला लावून बघा.

सक्करदरा चौकातून उमरेडचा रस्ता धरला तर उघडी खाण लागते. तिचा खड्डा आंधळ्यालाही दिसेल. पण सावनेर, सिल्लेवाडा भागात वेकोलिच्या खाणी जमिनीखाली. वर शेत, नाला, चरणारी म्हैस. खाली बोगदे. भूमिगत खाणीत आधी कोळशाचे जाड खांब सोडून बोगदे पाडतात. छत त्या खांबांवर उभं असतं. मग मागं सरकत सरकत तेच खांब काढून घेतात. याला म्हणतात डीपिलरिंग. खांब गेले की छत कोसळतं, वरचा खडक तडकतो, जमीन खचते.

वर नाला असला तर त्याच्या तळाला भेग पडते. पाणी भेगेत शिरतं. उतार बदलतो, एका जागी डबकं साचतं, पुढं ठणठणीत कोरडं. शेजारच्या विहिरीचा दोर लांबत जातो. खाणीत झिरपलेलं पाणी पंपानं उपसून भलत्याच जागी सोडलं, की 'पाणी परत दिलं' म्हणायला मोकळे. पाटणसावंगीला वेकोलिनं खाणीचं पाणी शुद्ध करून बाटलीत भरलं, २०१६-१७ च्या सुमारास 'कोल नीर' म्हणून विकायला काढलं. पाणी वाया घालवलं नाही, चांगलं केलं. पण बाटलीवर किंमत छापता येते. नाल्याची किंमत कोणी छापली?

कायदा नाही असं नाही. नदी, तलाव, कालव्याच्या बरोबर खाली किंवा काठापासून १५ मीटरच्या आत लेखी परवानगीवाचून खोदता येत नाही. का? खाणीत पाणी घुसू नये म्हणून. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाल्याच्या खाणीत पाणी घुसलं, ३७५ कामगार गेले. तो नियम पाहिजेच. खाली उतरणारा आपलाच भाऊ आहे. पण तो नियम खाणीला पाण्यापासून वाचवतो. पाण्याला खाणीपासून कोण वाचवणार?

त्यासाठी पर्यावरण मंजुरीच्या अटी आहेत. हालचाल पूर्ण थांबेपर्यंत जमीन किती खचते ते मोजा, पाणवाटांवर काय परिणाम होतो ते बघा, भेगा चिकणमातीनं बुजवा. कागद झकास! पण मोजणारा कोण? खाणवाला. दर १ जून अन् १ डिसेंबरला अहवाल देणारा कोण? खाणवाला. मुकादमाचीच वही, फक्त इंग्रजीत.

जगात दुसरीकडे काय झालं तेही बघा. ऑस्ट्रेलियात सिडनीला पाणी पुरवणाऱ्या खोऱ्यात वाराटाह नावाचा ओढा आहे. खालून कोळसा काढला, खडकाचा तळ फुटला, डोह रिकामे झाले. मग भेगांत रसायन भरत बसले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १९९४ च्या कायद्यानं दर पाच वर्षांनी खाणींवरच्या ओढ्यांचा अहवाल काढावा लागतो. पुढचे काही अहवाल पिट्सबर्ग विद्यापीठानं केले, कंपनीनं नाही. काही ओढे बरे झाले, काही झालेच नाहीत. हे कळलं कशानं? मोजणारा तिऱ्हाईत होता म्हणून.

आपल्यातलेच काही म्हणतील, नाले अन् झाडं हे पोट भरलेल्यांचे चोचले, आपल्याला नोकरी पाहिजे. गड्या, मी खाण बंद करा म्हणत नाही. पण नाला कोणाचा ते बघ. बागायतदाराची विहीर आटली तर तो बोअर मारील. जमीन गेली तर सातबारा दाखवून मोबदला मागील. नाल्याचा सातबारा कोणाच्या नावावर आहे? ज्याला विहीर नाही, शेत नाही, त्याचीच बाई नाल्यावर धुणं धुते, त्याचीच शेळी तिथं पाणी पिते. नाला मेला तर मोबदल्याच्या यादीत त्याचं नावच नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला एक अख्खं घर जमिनीनं गिळलं. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. घर गेलं म्हणून बातमी झाली. नाला गेला तर कोण बातमी करील?

तर मागायचं ते नेमकं मागा. नाल्याखालचे खांब काढायचे नाहीत. पोकळी भरायची तर रेती कन्हानच्या पात्रातून ओरबाडायची नाही, एक नदी मारून दुसरा नाला जगवण्यात अर्थ नाही. उघड्या खाणीच्या ओव्हरबर्डनमधून वेकोलिनंच रेती काढून दाखवली आहे, ती वापरा. खोदण्याआधी निदान दोन वर्षं, पावसाळा अन् उन्हाळा धरून, नाल्याचा प्रवाह अन् विहिरींची पातळी मोजा. आधीचा आकडाच नसेल तर नुकसान सिद्ध कशानं करणार? भेगा पावसाआधी बुजवा, नंतर नाही. अन् मोजणीची दुसरी वही गावाच्या हातात द्या, मराठीत.

दुसरी वही कोणी देईपर्यंत थांबायचं कारण नाही. विहीर मोजायला दोर, दगड अन् वही पुरते. नाल्यावर पत्र्याला व्हीसारखी खाच पाडून आडवा लावा, खाचेतल्या पाण्याची उंची रोज लिहा. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ते सहामाही अहवाल सार्वजनिक आहेत, अर्ज करील त्याला प्रत द्यावीच लागते. वेकोलिचं मुख्य ऑफिस आपल्याच नागपुरात, सिव्हिल लाइन्सला आहे. सक्करदऱ्याहून सायकलनं जाता येतं.

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब मजूर मंत्री होते. धनबादकडच्या कोळसा खाणीत ते स्वतः उतरले. खाणवाल्यांच्या कागदावर विसंबून दिल्लीत बसले नाहीत. आपण तर नुसतं नाल्यापर्यंत जायचं आहे. अहवालाची प्रत एका हातात, दोराची वही दुसऱ्या हातात. आकडे जुळले तर ठीक. नाही जुळले तर तिथंच, त्यांच्याच दारात, हिशेब मागायचा.